एकोणचाळीस कुलपं

२ डिसेंबर १९७६

ही वही वहाबनं मला अकरा दिवसांपूर्वी दिली. रोज संध्याकाळी लिहायचं म्हणाला: कोणतं घर मोजलं, कोणाशी काय बोलणं झालं. मी रोज उद्यावर ढकलत आलो. पहिल्या दिवशी पेनात शाई नव्हती. दुसऱ्या दिवशी शाई होती, पण मावसभाऊ नवी सायकल घेऊन आमच्या गावी, इंझोरीत आला आणि ती चालवून पाहण्यात दिवस गेला. बाकीचे नऊ दिवस कुठे गेले ते मलाही सांगता येणार नाही. आज लिहायला बसलो तो रागानं. आणि मापं यात लिहिणार नाही. मापांसाठी त्याचं फिल्डबुक आहे. ही वही आता माझी.

वहाब म्हणजे मानोऱ्याच्या सैफुद्दीन मिस्त्रीचा मुलगा. मानोऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो मॅट्रिक झाला, नागपूरला आर्किटेक्ट झाला, आता दिल्लीच्या एका संस्थेत पीएच.डी. करतो. विषय काय, तर बंजाऱ्यांचे तांडे. घरं कशी बसवली, दारं कोणीकडे, मधली मोकळी जागा किती. मी मॅट्रिकला दोनदा बसलो. तेव्हापासून अकोला, पुसद, वाशीम फिरलो, सिनेमाची पाटी रंगवली, जिनात कापूस ओढला, कुठेच सहा महिन्यांवर टिकलो नाही. म्हणून त्यानं बोलावलं तसा गेलो.

आज राग याचा की टेपला झोल पडला म्हणून तो मला तांड्यावर सगळ्यांसमोर बोलला. सगळ्यांसमोर म्हणजे कुत्र्यांसमोर. माणूस तर एका म्हातारीशिवाय कोणी नव्हतंच.

५ डिसेंबर

तांडा नाल्यापलीकडे उतारावर आहे. अठ्ठावन्न घरं, सगळ्यांची दारं एकीकडे तोंड करून. वहाब म्हणतो, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारी ही माणसं जेव्हा थांबली, तेव्हा गोण्या उतरवून मांडाव्यात तशी त्यांनी घरं मांडली. दोन घरांत जागा किती, तर बैल दाव्याला फिरेल एवढी. हे सांगताना त्याचे डोळे चमकतात. तेव्हा मला तो आवडतो. शाळेत असताना त्याच्या बापानं बांधलेल्या भिंतीवरून हात फिरवत तो असाच बोलायचा.

तालुक्याच्या हापिसानं त्याला जीप दिली आहे. बदल्यात घरांच्या यादीची एक प्रत त्यांना द्यायची, एवढंच. मिस्त्रीचा पोरगा सरकारी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसतो, त्याची छाती फुगलेली असते. मी मागे बसतो. खोटं कशाला लिहू, माझीही फुगते.

पण तांड्यावर पोचलो की घरं बंद. काहींना नुसती कडी, बाकीच्या दारांना कुलूप. आम्ही उतरतो, तीन पायांचं सर्व्हेचं टेबल उभं करतो, त्यावर पांढरी छत्री लावतो, मी टेपची पितळी कडी धरून भिंतीशी उभा राहतो. पहिल्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी, नानीबाई, बसलेली असते. तिचे गुडघे गेले आहेत. नवरा मेला तेव्हापासून तांड्याच्या कडेच्या चिंचेपुढे पाऊल टाकलं नाही म्हणते. ती आमच्याकडे पाहते आणि तंबाखू मळते.

आज एका कुलूप लावलेल्या घरात कोंबडा आरवला. मला हसू आलं. वहाबनं वर पाहिलंसुद्धा नाही. सोडून गेले असतील, म्हणाला, आणि फिल्डबुकात त्या घरावर काट मारली.

९ डिसेंबर

पेन्सिली आणायला मानोऱ्याच्या बाजारात गेलो आणि कबुतरवाल्यापाशी अडकलो. एक जोडी होती, लोटन. जमिनीवर सोडली की कोलांट्या मारत जातात. तासभर पाहिलं. मग कुलपांच्या दुकानावर हीऽ गर्दी. दुकानदार म्हणाला, तांड्यांवरच्या लोकांनी एका आठवड्यात सगळी कुलपं नेली, आता अकोल्याहून आणावी लागतील. या लोकांच्या घरात चोरण्यासारखं आहे तरी काय, हे मला समजलं नाही.

बाजारात दुसरी बोलणी एकच. नसबंदीच्या जीपनं बसस्टँडवरून दोघांना उचलून नेलं. आमच्या गावचे मास्तर घरोघर हात जोडत फिरतात, केस आणल्या नाहीत तर पगार अडतो म्हणून. ज्ञानेश्वराच्या देवळामागे राहणारे चार जण आठ दिवस झाले शेतातच झोपतात. आई मला म्हणाली, बाबू, तूही जीपपासून दूर राह्य. मी म्हटलं, आई, मी तर जीपमध्येच बसतो. ती हसली नाही.

पेन्सिली आणायच्या राहिल्या. वहाब चिडला. मग त्याला खुश करायला मी तांड्यावर उरलेल्या ओळीतल्या कुलूपबंद घरांवर उभ्याउभ्या काट मारून दिली, जवळ न जाता. लांबून कुलूप दिसतच होतं.

१४ डिसेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मी उगाच तापलो.

सकाळी आम्ही हापिसात गेलो. तिथल्या मोठ्या बाबूनं वहाबला खुर्ची दिली. माझ्याकडे पाहून विचारलं, हे कोण? वहाब म्हणाला, "टेप पकडणारा हाय." नाव नाही. शाळेतला दोस्त नाही. ड्रॉइंगच्या परीक्षेत अख्ख्या शाळेत ज्याला 'ए' ग्रेड मिळाली आणि ज्याच्या वहीवरून तू आगगाडीचं इंजिन उतरवून काढलंस, तो नाही. टेप पकडणारा. मी दाराशी उभा राहिलो. चहा दोनच आले.

तांड्यावर गेल्यावर त्यानं ट्रेसिंगचा कागद उघडला. नानीबाईच्या घराचं दार मी काढलेलं, चौकटीवरची मोराची नक्षी पीस न् पीस. खाली कोपऱ्यात लिहिलेलं: रेखाटन, वहाब सैफुद्दीन. मी विचारलं. तो म्हणाला, अबे, थिसिसमध्ये असंच असते, आभारात तुहं नाव टाकतो ना. आभारात. शेवटच्या पानावर, प्रेसवाल्याच्या आधी.

मी टेप खाली टाकली आणि नानीबाईच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिनं तंबाखू पुढे केली. मग म्हणाली, "बाप्पा, तुह्या दोस्ताले अक्कल हाय का नाही?"

मला बरं वाटलं. म्हटलं, नाही.

"तुमची जीप नाल्यात उतरली का इकडे लोक कुलपं लावतेत अन् डोंगरात पळतेत. कोंबडे टोपल्याखाली झाकतेत. जीप, वरून टेबल, वरून पांढरी छत्री. त्यायले वाटते डाक्टर आले. अन् तू त्या फितीनं काय मोजून राह्यला, माणसं का?" ती हसली, मग हसायची थांबली. "त्याले सांग, जीप मानोऱ्यात ठेव अन् पायी ये. सारे घरी सापडतीन. आमी चहा पाजू."

मी म्हटलं, सांगतो.

१५ डिसेंबर

सांगितलं नाही.

त्याला डोळे नाहीत काय? कोंबडा त्यानंही ऐकला. पीएच.डी. मी करून राह्यलो का तो? टेप पकडणाऱ्यानं टेप पकडावी.

२२ डिसेंबर

वहाबला गाईडचं पत्र आलं. गाईड म्हणजे दिल्लीचे म्हातारे प्रोफेसर, ज्यांच्या सहीशिवाय याला डॉक्टर होता येत नाही. वहाबनं त्यांना कळवलं होतं की अठ्ठावन्नपैकी एकोणचाळीस घरं ओस पडली आहेत. गाईडनं लिहिलं की हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा, तांडे का ओसरत आहेत ते शोध. वहाब जीपमध्ये उभा राहून पत्र वाचत होता. मला मिठी मारली. उकंड्या, आपलं काम झालं, म्हणाला.

आपलं.

तेव्हा तोंडाशी आलं होतं. पण ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. उद्या तो दिल्लीला जाणार. याद्या हापिसात दिल्या.

३० जानेवारी १९७७

महिना झाला, लिहिलं नाही. वहाब गेल्यावर जऊळक्याला गेलो. स्टेशनवर एका चहावाल्याकडे राहिलो, त्याच्या दुकानाची पाटी रंगवून दिली, गाड्या येताना-जाताना पाहिल्या. आता निवडणुका लागल्या आहेत. एकदम सगळे जोरात बोलू लागले आहेत.

तिथे एक मुनीम भेटला, तोही नागपूरला शिकलेला. वहाबचं नाव काढलं तर म्हणाला, मोठा हुशार माणूस. मी म्हटलं, हुशार आहे, पण कोंबडा आणि माणूस यातला फरक त्याला कळत नाही. मुनीम माझ्याकडे पाहत राहिला. जगात नुसती पदवी पाहिजे, बाकी कोणी काही विचारत नाही.

७ मार्च

होळीला तांड्यावर गेलो. एकही जीप महिनाभरात आली नाही म्हणतात. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न घरं उघडी. बायका गोल धरून नाचत होत्या, तांड्याचा प्रमुख लालसिंग नाईक, त्यानं मला गुलाल लावला. कुलपं? एका खुंटीवर पाच-सहा एकदम टांगलेली दिसली, घोसासारखी.

नानीबाईनं विचारलं, दोस्ताले सांगतलं होतं ना? मी म्हटलं, तो दिल्लीला आहे. हे खोटं नाही. तो दिल्लीलाच आहे.

१८ एप्रिल

अंगाचा भडका उडाला आहे, तरी लिहितो.

तालुक्याच्या आराखड्यात या वर्षी सात तांड्यांना विहिरी आहेत. आपल्या तांड्याचं नाव नाही. लालसिंग नाईक हापिसात गेला तर त्याला यादी दाखवली. वस्ती फक्त एकोणीस घरं, बाकी एकोणचाळीस ओसाड. एकोणीस घरांना विहीर बसत नाही. नाईक म्हणाला, साहेब, माह्या घरी आज बारा माणसं जेवले. बाबू म्हणाला, हे आर्किटेक्टनं मोजलं आहे, तुमच्यापेक्षा त्याले समजते.

तांड्याच्या बाया नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. एप्रिलातच वाटी खडकाला लागते. पुढे मे आहे.

आणि हा दिल्लीत पंख्याखाली बसून 'ओसरणारे तांडे' लिहितो आहे. बारा माणसं जेवणाऱ्या घराला यानं काट मारली. एका काटेनं माणसं पुसली. मिस्त्रीचाचानं आयुष्यभर दुसऱ्याची घरं उभी केली आणि पोरगा कागदावर घरं पाडतो. थू.

१९ एप्रिल

वहाबला लिहायचं म्हणून बसलो होतो. चार वेळा 'प्रिय वहाब' लिहिलं, फाडलं. मग वाटलं, याला कशाला लिहू, हा दाबून टाकेल. गाईडलाच लिहिलं. हिंदीत. पत्ता त्यांच्या डिसेंबरच्या पत्राच्या पाकिटावरून उतरवून ठेवला होता, कशाला ते माहीत नाही.

लिहिलं की एकही घर ओस नाही. लोक जीपला घाबरून पळत होते, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. वहाबनं एका माणसाला विचारलं नाही. त्याचा प्रबंध खोटा आहे. घरमालकांची नावं ओळीनं लिहिली, अठ्ठावन्न, नाईकाला विचारून. पत्र छान झालं. अक्षर सुंदर आलं. शेवटी सही केली: उकंडराव दौलतराव, टेप पकडणारा.

पोस्टात टाकल्यावर पेटीत हात घालून पाहिला. हात कोपरापर्यंतही जात नाही.

११ मे

पोस्टकार्ड आलं. गाईडसाहेब लिहितात की पत्राबद्दल आभारी आहे, अशी पत्रं कोणी लिहीत नाही. वहाबचा प्रबंध थांबवला आहे. पत्राची नक्कल त्यालाही दिली आहे. चोवीस मे रोजी ते स्वतः तांड्यावर येतील आणि ज्यांना जे माहीत आहे ते सगळं समोरासमोर ऐकतील. मी तिथे असावं अशी विनंती आहे. विनंती. कार्ड बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीमागे खोचून ठेवलं. जेवताना तिकडे पाहवेना, मग काढून वहीत घातलं.

बरं झालं. न्याय झाला.

१५ मे

मानोऱ्यात मिस्त्रीचाचा भेटले. चुकवून जात होतो, त्यांनी हाक मारली. हाताला चुना तसाच. मला हॉटेलात नेलं, दोन चहा सांगितले. वहाबचं काही अडलं आहे एवढंच त्यांना माहीत आहे, काय ते तो घरी सांगत नाही. "बेटा, तू त्याच्यासंगं रोज होता," म्हणाले, "तूच सांग साहेबाले, पोरगा कामात कसूर करत नाही म्हणून. तुह्या सबदाले वजन हाय."

मी चहा अर्धा टाकून उठलो. त्यांनी माझा उरलेला चहा पिऊन टाकला, वाया जाऊ नये म्हणून.

माणसानं असं चांगलं वागू नये. समोरच्याला राग येतो.

१६ मे

सगळं पुन्हा नीट विचारात घेतलं. चूक वहाबचीच. विचारायचं काम त्याचं होतं. मी नोकर होतो. नोकरानं मालकाला शिकवायचं असतं काय? आणि सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं याची खात्री काय? आणि नानीबाईनं मला सांगितलं ते गप्पांत सांगितलं. ते काही सर्व्हेत धरत नाहीत.

२० मे

आज तांड्यावर जाणार होतो. नाल्यापर्यंत गेलो. सोजरबाई झिऱ्यात उतरून पाणी भरत होती. ती नाईकाची सून. तिच्या डोक्याइतका खोल खड्डा झाला आहे, आतून फक्त वाटीचा आवाज येतो. मी तिथेच बसून एक पक्षी पाहत राहिलो, निळ्या पाठीचा, तो ओल्या वाळूत चोच खुपसत होता. मग परत आलो.

२३ मे

सोजरबाई बाजाराला आली होती, तिनं आईला सांगितलं, आईनं मला.

काल वहाब तांड्यावर आला. मानोऱ्याहून पायी, उन्हाचा, डोक्याला पंचा गुंडाळून. जीप नाही, टेबल नाही. आधी कोणी ओळखलंच नाही. त्यानं नाईकाच्या दारात बसून पाणी मागितलं आणि कसलं पाणी आहे ते पाहून बराच वेळ तांब्या हातातच धरून बसला. मग खिशातून माझ्या पत्राची नक्कल काढली आणि सगळ्यांना वाचून दाखवली. एक शब्द गाळला नाही म्हणे. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "हे खरं हाय. मी आंधळा होतो. पण साऱ्यायले ठाऊक होतं तर मले एकानंबी काहून नाही सांगतलं?"

सगळे नानीबाईकडे पाहू लागले. तिनं नाईकाला फक्त विचारलं, परवा सकाळी बैलबंडी मोकळी आहे का.

माझ्याबद्दल काही म्हणाला का तो? आईला तीनदा विचारलं. आई म्हणाली, सोजरबाईनं एवढंच सांगितलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबू, तुले ठाऊक होतं का रे?"

मी म्हटलं, काय?

ती भाकरी थापू लागली.

२४ मे, सकाळ

गाईडसाहेब अकराच्या बसनं मानोऱ्यात उतरणार. मी धुतलेला सदरा घातला आहे. काय बोलायचं ते पाठ केलं आहे. लोक भीत होते. वहाबनं विचारलं नाही. हापिसानं विहीर नाकारली. तीनही गोष्टी खऱ्या आहेत. चौथी कोणी विचारली तर आठवत नाही म्हणायचं. पाच महिने झाले, माणूस विसरतो.

पण या वहीत ती तारखेनिशी लिहिलेली आहे. आत्ता मागची पानं चाळली तेव्हा दिसली. चौदा डिसेंबर. 'मी म्हटलं, सांगतो.' पान फाडायला धरलं होतं. पलीकडच्या बाजूला 'सांगितलं नाही' आहे, तेही जाईल, बरंच आहे. कडेला अर्धं बोटभर फाटलं. मग फाडवेना. वहाबनंच दिलेली वही. त्याला लिहून पाहिजे होतं ते हेच, कोणाशी काय बोलणं झालं. अख्ख्या वहीत त्याच्या कामाचं तेवढं एक पान आहे.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आमच्या गल्लीत बंडी येत नाही, वळत नाही. आई दारातून आत आली आहे, तिचे हात पिठाचे आहेत. म्हणते, तांड्याची बंडी आहे, दोघांनी धरून म्हातारीला खाली उतरवलं. नानीबाई. चिंचेपुढे पाऊल न टाकणारी नानीबाई आमच्या उंबऱ्यावर काठी टेकून उभी आहे, बस म्हटलं तर बसत नाही.

मी आईला विचारलं, काय म्हणते?

आई म्हणाली, "ते म्हन्ते का साहेब यायच्या आंधी तुले एकच इचारायचं हाय. त्या कागदात तू सारं लिवलं, तर मी तुले कवा सांगतलं, तो दिवस काहून नाही लिवला?"